दुखत नाही, हीच खरी अडचण आहे

प्रश्न एका मुलीचा आहे, कोथरूडहून. वडिलांचं वय ६६, मधुमेह १७ वर्षांपासून. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, रुपयाएवढी जखम आहे आणि तिला साडेचार महिने झाले. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, शुगर आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे. बाबा म्हणतात, अजिबात दुखत नाही, म्हणजे भरत आलीय. सकाळचं फिरणं चालूच आहे, मंगळवारी गणपतीला जाणंही. आता एका सर्जननी अंगठा काढावा लागेल असं सांगितलंय. जखम भरत का नाही आणि अंगठा वाचेल का, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बाबांचं आहे. चोवीस वर्षं मी पुण्यात हेच पाय बघतोय, आणि पेशंट दारातून आत येतो तेव्हा माझी नजर पट्टीकडे जात नाही, चालीकडे जाते. तुमच्या-माझ्या पायात साधा बाभळीचा काटा मोडला तर आपण टाच टेकवत, पाय वाकडा करत, भिंतीला धरून चालू. चवड्याखाली रुपयाएवढं भोक असलेला माणूस सरळ, ताठ चालत येऊन खुर्चीत बसतो, तेव्हा मला पोटात गोळा येतो. लंगडणं हा शरीराने स्वतःच केलेला उपचार असतो. बाबांच्या पायाची ती सोय गेली आहे.

वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. पेशंट ज्या शब्दांत हे सांगतात ते फार नेमके असतात. ‘गादीवरून चालल्यासारखं वाटतं.’ ‘मोजा घातलेला नाही, तरी घातल्यासारखा वाटतो.’ ‘चप्पल वाटेत निसटली, दहा पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी सांगितलं.’ बाबांना विचारून बघा, यातलं एखादं वाक्य ते ओळखतील. कितीतरी जण मला म्हणतात, ‘डॉक्टर, रात्री तळपायाची आग होते, मुंग्या येतात, म्हणजे नसा जिवंत आहेत ना?’ नाही हो. आग होणं आणि बधिर होणं एकाच पायात एकाच वेळी असतं. बिघडलेली नस उगाच आग पाठवते आणि टाचणी टोचली तर गप्प बसते. तळपायात मोडलेली शिवणाची सुई मी एक्स-रेत पाहिली आहे, आणि ती कधी गेली हे त्या बाईंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. बाबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय बधिर आहे असं धरायचं. हे करताना मुलांनी शेजारी उभं राहावं असं मी मुद्दाम सुचवतो. वडिलांना आपला स्पर्शच कळला नाही, हे एकदा पाहिलं की घरातली वादावादी पुष्कळ कमी होते.

आता जखम का भरत नाही ते सांगतो. बाबा दिवसाला ४,००० पावलं चालतात असं धरू. फिरणं, देऊळ, घरातली ये-जा मिळून हा आकडा जास्त नाही. म्हणजे २,००० वेळा उजवा पाय टेकतो आणि दर वेळी शरीराचं वजन नेमकं त्या चवड्यावरून पुढे सरकतं. एक दिवसाआड पंधरा मिनिटांचं ड्रेसिंग, आणि दोन ड्रेसिंगच्या मध्ये दोन दिवसांचे ४,००० दणके. कुठलंही मलम, कितीही महागडी पट्टी असली तरी या हिशेबापुढे हरते. पेशंट आणि नातेवाईक मला नेहमी विचारतात, ‘कोणतं मलम लावू?’ मी उलट विचारतो, ‘वजन कसं काढणार आहात?’ साडेचार महिन्यांत हा प्रश्न तुम्हाला किती जणांनी विचारला, ते आठवून बघा.

ही समज आपल्या देशातूनच मोठी झाली. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि तिथे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोगात मांस आपोआप झडतं, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की झडत काही नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस नकळत तोच भाग पुन्हा पुन्हा इजा करत राहतो. पायाला प्लास्टर घालून वजन पसरवलं की वर्षानुवर्षांच्या जखमा भरत. ते प्लास्टर पुढे त्यांच्यासोबत अमेरिकेत गेलं आणि मधुमेही पायासाठी वापरलं जाऊ लागलं. मऊ रबराची एमसीआर चप्पल हीसुद्धा कुष्ठरुग्णांसाठीच्या कामातूनच आलेली. काही पेशंट ती घालायला नकार देतात, ‘लोक काय समजतील’ म्हणून. त्यांचा संकोच मला कळतो, त्यांना मी चिडून बोलत नाही. तोच मऊ तळ आता साध्या सँडलमध्ये बसवून मिळतो, बाहेरून ओळखूही येत नाही.

तर उपाय. चवड्याखालची जखम, रक्तपुरवठा ठीक आणि मोठा जंतुसंसर्ग नाही, अशा पायाला गुडघ्यापर्यंतचं, पेशंटला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा तसाच बूट हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. साधारण दर आठवड्याला ते बदलतात, आत जखम बघतात. अनेक जखमा अशा दीड-दोन महिन्यांत भरतात, आधी त्या वर्षभर चिघळत असल्या तरी. ‘काढता न येणारं’ या शब्दांवर मी जोर का देतोय? काढता येणारा बूट दिलेल्या पेशंटच्या पावलांची अमेरिकेत मोजदाद झाली, २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बूट पायात असताना टाकलेली पावलं एकूण पावलांच्या जेमतेम २८ टक्के निघाली. ही काही बेफिकीर माणसं नव्हती. पाय दुखत नसेल तर तो बूट घालायची आठवण कोण करून देणार?

आपल्याकडे याला आणखी एक वळण आहे: उंबरठा. बाहेर जाताना बाबा डॉक्टरांनी दिलेला सँडल घालतील, आणि घरात पाऊल टाकताच तो दाराशी काढतील, कारण घरात आणि देवघराजवळ पादत्राण घालायचं नाही हे आयुष्यभर अंगात मुरलेलं आहे. दिवसातली बरीच पावलं मात्र घरातच पडतात, फरशीवर, अनवाणी. मी प्रत्येकाला दुसरा, फक्त घरात वापरायचा जोड करायला सांगतो. तो बाहेर न्यायचाच नाही, म्हणजे तो स्वच्छच. एका आजींनी त्या नव्या जोडाला हळदकुंकू लावून मगच तो देवघराशी नेला, आणि त्यांची जखम भरली. अशा तडजोडी घरातल्या माणसांनीच शोधायच्या असतात, त्या आमच्या पुस्तकात नसतात. आणखी दोन गोष्टी कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसताना आणि उठताना चवड्यावर मोठा भार येतो, तेव्हा जखम भरेपर्यंत कमोड वापरावा. आणि तासन्‌तास मांडी घालून जेवायला, पूजेला बसणाऱ्यांच्या बाहेरच्या घोट्यावर जखमा होतात. बधिर पायाने जमिनीवर मांडी घालू नये, खुर्चीवर बसावं.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक सातत्याने केली. कागदावर ‘चालणे बंद’ असं लिहायचो आणि पेशंट ऐकत नाही म्हणून नाराज व्हायचो. मार्केट यार्डात पोती वाहणारे एक हमाल माझ्याकडे येत. तिसऱ्या भेटीत मी जरा आवाज चढवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, मी बसलो तर चूल बसते.’ त्या दिवसानंतर ‘चालू नका’ हे वाक्य मी एकटं लिहिलेलं नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत तुमची पावलं कुठे पडतात, हे आधी विचारतो. मग त्यातली कुठली कमी करता येतील, कुठली प्लास्टर घालून टाकता येतील, कामावर बसून करायचं काही मिळेल का, असं एकेक बघतो. त्यांना मुकादमाने पावत्या लिहायला बसवलं. मुकादमाला फोन मी केला होता, आणि तो फोन कुठल्याही औषधापेक्षा उपयोगी पडला. तुमच्या बाबांशीही असंच बोला. सकाळचं फिरणं बंद म्हणजे व्यायाम बंद असं नाही. खुर्चीत बसून हातांचे व्यायाम होतात. मंगळवारचा गणपती रिक्षाने होतो, आणि प्लास्टर असेल तर बाहेरूनच हात जोडायचे.

जखमेच्या कडेला जाड, पिवळसर, कडक कातडी असेल. तो घट्टा. दर खेपेला तो तासून काढावा लागतो, आणि इथे बहुतेक घरांत गैरसमज होतो: ‘डॉक्टरांनी जखम मोठी केली.’ जखम तेवढीच मोठी होती, घट्ट्याने ती झाकलेली होती. चपलेत खडा घेऊन चालावं, तसा घट्टा आतून मांसावर दाब देत राहतो, आणि त्याच्याखाली रक्त-पाणी साचून जखम खोल होते. हे काम प्रशिक्षित माणसानेच करायचं. घरी ब्लेडने नाही, पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना नाही, आणि मेडिकलमधून आणलेल्या कॉर्न कॅपने तर नाहीच. त्यातलं आम्ल भोवरीबरोबर चांगली कातडीही जाळतं. जखमेवर हळद, विडीची राख, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हे सगळं मी पाहिलंय. काही लावू नका. आणि गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकू नका. बधिर पायाला कढत पाणी कोमट वाटतं. दर दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर पायाला फोड आलेला एखादा पेशंट येतोच.

आता अंगठ्याबद्दल. तो काढावा लागेल की नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून सांगणं बरोबर होणार नाही, पण कुठल्या दोन प्रश्नांवर ते ठरतं ते सांगतो. ही उत्तरं मिळेपर्यंत होकार देऊ नका, आणि ती मिळवायला आठवड्याच्या वर दवडू नका.

पहिला प्रश्न रक्ताचा. पायाच्या नाड्या हाताला लागतात का? डॉपलरवर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीसारख्या तपासणीत, प्रवाह कसा आहे? हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करतात, पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात आणि तो आकडा खोटा चांगला येतो. म्हणून गरज वाटल्यास अंगठ्याचा दाबही मोजावा लागतो. रक्त पोचतच नसेल तर अंगठा काढलेली जागाही भरणार नाही. मग आणखी वर, आणखी वर असं कापत जावं लागतं. अशा पायाला आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पोचवता येतं का हे बघायचं असतं. बाबा तंबाखू खात किंवा ओढत असतील तर आजच थांबवा, याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

दुसरा प्रश्न हाडाचा. निर्जंतुक सळई जखमेत हलकेच घातली आणि ती टणक हाडाला टेकली, तर हाडापर्यंत जंतू गेल्याची शंका दाट होते. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे नितळ दिसू शकतो, म्हणून तो पुन्हा काढावा लागतो, कधी एमआरआय करावा लागतो. हाड खराब असलं तरी दर वेळी कापावंच लागतं असं नाही. काहींना कित्येक आठवडे अँटिबायोटिक देऊन भागतं, काहींचा फक्त हाडाचा तुकडा काढून अंगठा राखता येतो. आणि कधीकधी अंगठा वेळेवर काढणं हेच पाय वाचवणं असतं. ‘कापतील’ या भीतीने दोन महिने घरी बसून आलेले पेशंट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात, कारण आले असते तेव्हा एका बोटावर भागलं असतं.

तीन अँटिबायोटिक कोर्सबद्दल एवढंच म्हणतो की लाली, सूज, पू, ऊब अशी संसर्गाची लक्षणं नसतील तर गोळ्यांनी जखम भरत नाही. ठरावीक वेळेत फरक दिसलाच पाहिजे: नीट उपचार सुरू झाल्यापासून चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे रेटायचं नाही, सगळं पुन्हा तपासायचं. बाबांचे साडेचार महिने झाले आहेत.

पण काही गोष्टींना आठवडा तर सोडाच, रात्रही थांबायचं नाही. पायाची लाली वर सरकायला लागली, घाण वास आला, बोट काळं-निळं पडलं, थंडी वाजून आली, किंवा शुगर खाण्यात काही बदल नसताना एकाएकी ३००-३५० वर गेली. आणि आजवर न दुखणारा पाय अचानक दुखू लागला. बधिर पायातली वेदना म्हणजे आत खोलवर पू आहे असं समजा. ताप नाही म्हणून थांबू नका. मधुमेहात खोल संसर्ग असूनही ताप येत नाही, असं वारंवार होतं. त्याच दिवशी, सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात. खासगीचा खर्च झेपणार नसेल तर ससूनला जा, पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत घरी थांबू नका. जखम नसतानाही एक पाय सुजला, गरम आणि लाल झाला, तर मुरगळला म्हणून चोळू नका. त्यात आतली हाडं खचत असू शकतात, त्याला शार्को म्हणतात, आणि तिथेही प्लास्टर वेळेत घातलं तरच पायाचा आकार वाचतो.

शुगरचं महत्त्व मी कमी करत नाहीये. ती आटोक्यात हवीच, जंतूंशी लढायला आणि उरलेल्या नसा राखायला. पण ‘शुगर नॉर्मल आली की जखम आपोआप भरेल’ या आशेवर फार महिने जातात. गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. एक तपासणी मात्र करून घ्या, बी-१२ ची. शाकाहारी घर आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, या दोन्हींनी ते कमी होतं, आणि त्यानेही नसा बिघडतात. पुण्यातल्या लोकांत ही कमतरता किती पसरलेली आहे, हे केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलं आहे. ते भरून काढता येतं. जेवणाचं म्हणाल तर जखम असताना उपाशी ठेवू नका. भात-पोळी मापात, आणि डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी वाढवा. फक्त मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

धरून चालू की जखम भरली. तेव्हा खरी काळजी सुरू होते. आपण ‘भरली’ आणि ‘बरी झाली’ हे शब्द एकाच अर्थी वापरतो, पण या पायाच्या बाबतीत ते वेगळे ठेवा. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते, पाच वर्षांत ६५ टक्क्यांच्या आसपास. बधिरपणा तोच, हाडाचा उंचवटा तोच. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात मुक्काम करून दिवे घाटातून सासवडला जाते, आणि पुढच्या आठवड्यात मोज्याला रक्त लागलेले वारकरी माझ्याकडे येतात. त्यातल्या अनेकांची आधीची जखम भरलेली असते. वारी सोडा असं मी म्हणत नाही. मऊ तळाचे बंद बूट घाला, मोजे रोज बदला, घाट गाडीने चढा आणि रोज मुक्कामाला कुणाकडून तरी तळपाय बघून घ्या.

रोज तळपाय बघणं हेच पुढचं मुख्य काम आहे. बाबांना वाकता येत नसेल, डोळ्यांना कमी दिसत असेल, तर ते तुमचं किंवा आईचं काम. ठरावीक वेळ ठेवा, सांजवात झाल्यावर म्हणा. बोटांच्या बेचक्या उघडून बघा, पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात. दोन्ही पायांची तीच जागा हाताने चाचपा. एकीकडे ऊब जास्त लागली तर आत काही शिजतंय. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यांत मात्र नको. चप्पल-बुटात हात घालून मगच पाय घाला. अंगठ्याची चप्पल आणि कोल्हापुरी वहाण दोन्ही बंद. मागे पट्टा असलेला सँडल, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घेतलेला. कागदावर उभं राहून पाऊल आखून घ्या आणि दुकानात बूट त्या आखणीवर ठेवा. आखणी बाहेर डोकावली तर तो बूट बाबांचा नाही. आणि पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी पाय तपासून घ्या, काही झालेलं नसलं तरी.

या आठवड्यात मधुमेही पायाचे उपचार करणाऱ्या एखाद्या सर्जनकडे जाल, तेव्हा पहिल्या दिवसापासूनचे जखमेचे मोबाइलमधले फोटो, सगळे एक्स-रे आणि औषधांची यादी न्या. बाबांची रोजची जुनी चप्पलही न्या, न धुता, पिशवीत घालून. चवड्याखाली ती कुठे खचली आहे, हे तिच्या तळावर दिसेल.